तुकडा नियमित झाला, म्हणजे प्लॉट झाला का?

नोव्हेंबर 2025 मध्ये तुकडेबंदी कायद्यात, म्हणजे शेतजमिनीचे फार लहान भाग पाडायला मनाई करणाऱ्या कायद्यात, बदल करणारा वटहुकूम निघाला आणि एकच निरोप फिरू लागला: तुकडेबंदी उठली, आता गुंठ्याची रजिस्ट्री बिनधास्त करा. गावाकडच्या एकरभर वावरात भावाभावांची घरं बांधायची स्वप्नं पाहणाऱ्यांना हायसं वाटलं. तहसीलला गेल्यावर मात्र बऱ्याच जणांना उत्तर मिळतं की हे त्यात बसत नाही. कुणाला एनए आणायला सांगतात, कुणाला लेआउट, कुणाला मोजणीची 'क' प्रत म्हणजे मोजणीचा नकाशा, तर कुणाला बहिणीची सही.

अधिकारी मुद्दाम फिरवतात, असा आपला समज असतो. कधी कधी तो खराही असतो. पण फिरवाफिरवीचं मोठं कारण वेगळं आहे. भावकीच्या डोक्यात जो एकच प्रश्न असतो, की माझ्या वाट्यावर मी घर बांधू का, त्याचे सरकारदरबारी तीन प्रश्न होतात आणि तिन्हींची उत्तरं वेगवेगळ्या कायद्यांत आहेत.

तीन प्रश्न, तीन टेबलं

पहिला प्रश्न मालकीचा. जमीन कुणाची, हिस्सेदार किती? हे सातबारा आणि फेरफार, म्हणजे हक्कबदलाच्या नोंदी, सांगतात. गावचा तलाठी, म्हणजे आताचा ग्राम महसूल अधिकारी, नोंद धरतो आणि मंडळ अधिकारी ती मंजूर करतो.

दुसरा प्रश्न विभागणीचा. या जमिनीचे इतके लहान भाग पाडता येतात का? इथे तुकडेबंदी कायदा येतो.

तिसरा प्रश्न वापराचा. या जागेवर घर बांधता येतं का, आणि बांधायचं तर रस्ता, मोकळी जागा, गटार कुठे? इथे महसुलाचं एनए म्हणजे अकृषिक परवानगी येते, आणि नगररचना विभागाचं रेखांकन येतं. रेखांकन म्हणजे आपल्या बोलण्यातला लेआउट.

एका प्रश्नाचं उत्तर 'हो' आलं म्हणजे तिन्ही सुटले, असं समजलं की घोळ सुरू होतो. रजिस्ट्री झाली म्हणून घर बांधता येत नाही. हातात परभणीचं तिकीट असलं तरी चुकीच्या फलाटावरच्या एसटीत बसलेला माणूस परभणीला पोचत नाही, तसंच हे. तिकीट खरं असतं, कंडक्टरही खोटं बोलत नसतो.

आधी मापं नीट करू

एक एकर म्हणजे 40 गुंठे. एक गुंठा म्हणजे 33 फूट बाय 33 फूट, 1,089 चौरस फूट. सातबाऱ्यावर मात्र गुंठे नसतात, हेक्टर आणि आर असतात. एक आर म्हणजे 100 चौरस मीटर, साधारण 1,076 चौरस फूट. गुंठा आणि आर यांत फरक थोडासाच, म्हणून बोलताना दोन्ही एकच धरतात. कागद करताना तसं धरू नये, कारण क्षेत्र जितकं मोठं तितका हा फरक वाढत जातो.

तुकडेबंदी आली कशाला?

मूळ कायदा 1947 चा, मुंबई प्रांताचा. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे इथे तो नंतर लागू झाला. विचार साधा होता. बापाचे चार एकर चार मुलांत, मग त्यांच्या मुलांत वाटले जातात, आणि एक दिवस औत वळवायलाही जागा उरत नाही. म्हणून सरकारने 'प्रमाणभूत क्षेत्र' ठरवलं. त्याहून लहान भाग म्हणजे तुकडा, आणि नवा तुकडा पडेल अशी विक्री किंवा वाटणी करायला मनाई.

हे क्षेत्र आधी जिल्ह्यागणिक वेगळं होतं. 8 ऑगस्ट 2023 च्या अधिसूचनेने राज्यातल्या बहुतेक जिल्ह्यांसाठी ते एकसारखं झालं: जिरायतीला 20 आर, बागायतीला 10 आर. मराठवाड्यात बहुतेक वावर जिरायती, म्हणजे इथे बहुतेकांसाठी आकडा 20 चा. अर्धा एकर म्हणा.

कायद्याचा हेतू मला पटतो. गडबड अशी की तो पिकाचा विचार करून केला आणि आज त्याच्याशी भांडतोय घर बांधणारा माणूस. कापसाला तीन गुंठे अपुरे पडतात, घराला ते भरपूर होतात. शेत म्हणून जो तुकडा निकामी, तोच प्लॉट म्हणून सोन्याच्या भावाचा. संभाजीनगरच्या कडेला शेंद्रा-बिडकीनसारखे औद्योगिक पट्टे आले, जालन्याजवळून समृद्धी महामार्ग गेला. शहराच्या वेशीवरच्या वावराची किंमत आता पिकावर ठरत नाही, फुटावर ठरते.

एक एकर, चार वारस

आता एक काल्पनिक पण नेहमीचं उदाहरण घेऊ. गावाच्या कडेला एक एकर जिरायती. हिशेबाला सोपं जावं म्हणून 40 आर धरू. वडील वारले. मागे आई, दोन मुलगे आणि एक मुलगी. हिस्से चार, प्रत्येकी 10 आर. मुलीचं लग्न झालंय, सोनं दिलंय, वगैरे बोलणी घरात होतात, कायद्यात नाहीत. तिला नको असेल तर तिने नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून द्यायचं, नाहीतर तिचा वाटा तिचा.

वारसाची नोंद होऊन चौघांची नावं सातबाऱ्यावर लागायला तुकडेबंदी आड येत नाही. नावं कितीही असू देत. अडचण सुरू होते ती चौघांत धुरा, म्हणजे बांध, पाडायचा म्हटल्यावर. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खाली तहसीलदारांकडे वाटणीचा अर्ज केला, की 10 आरचे चार भाग होतात आणि प्रत्येक भाग 20 च्या खाली जातो. चारही तुकडेच. म्हणून वाटणी होत नाही. असा तुकडा पडत असेल तर त्या वारसाला जमिनीऐवजी पैशात भरपाई द्यावी, अशी वाट कायद्यात आहे. म्हणजे दोघांनी जमीन ठेवायची आणि दोघांनी पैसे घ्यायचे. कागदावर हे सोपं दिसतं. पण जमीन ठेवणाऱ्याकडे त्या दिवशी रोख कुठून येणार?

हीच जमीन बागायती असती, तर 10 आर बरोबर प्रमाणभूत क्षेत्राइतके आणि वाटणी सरळ झाली असती. विहीर वडिलांच्या हयातीतच खोदलेली, पण सातबाऱ्यावर पाण्याच्या साधनाची नोंद कधी केलेलीच नाही, अशी वावरं गावोगाव सापडतील. एका न केलेल्या नोंदीने चार घरांचं गणित अडतं.

अजून एक गोम आहे. शेतकऱ्याला स्वतःच्या शेतात शेतघर बांधता येतं. परभणी-नांदेडकडे ज्याला आपण आखाडा म्हणतो ते. पण त्या सवलतीलाही किमान क्षेत्राची अट आहे. एकत्र होते तेव्हा चालत होतं, वाटून घेतल्यावर चौघांपैकी एकालाही चालत नाही, असं होऊ शकतं.

"जमीन आमची, रस्ता किती सोडायचा ते सरकार का सांगतं?"

ठरलं समजा, की शेती नकोच, रीतसर लेआउट करून चार प्लॉट पाडू. आता नगररचनेचे नियम लागतात. डिसेंबर 2020 पासून मुंबईसारखे काही अपवाद सोडून राज्यभर एकच विकास नियंत्रण नियमावली आहे. 0.4 हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जागेचा लेआउट असेल तर 10 टक्के खुली जागा सोडावी लागते. आतला रस्ता छोट्या लेआउटमध्येही साधारण 9 मीटर, म्हणजे 30 फुटांचा लागतो.

आपलं वावर 40 मीटर रुंद आणि 100 मीटर लांब आहे असं धरा. एकूण 4,000 चौरस मीटर. मधून 9 मीटरचा रस्ता नेला की 900 गेले. खुली जागा 400. उरले 2,700. चौघांत वाटले तर प्रत्येकी 675 चौरस मीटर, म्हणजे पावणेसात आर. दहा आरचा मालक पावणेसातवर आला, आणि हे मंजुरीसाठी. रस्ता, गटार, विजेचे खांब यांचा खर्च पुन्हा मालकाचाच. आधी तात्पुरती मंजुरी मिळते, ही कामं करून दाखवल्यावर अंतिम. त्यानंतर प्लॉटवार सातबारे किंवा मालमत्ता पत्रकं.

आता हेच वावर विकायला काढलेल्या माणसाच्या नजरेने बघा. 20 बाय 30 फुटांचा, 600 चौरस फुटांचा प्लॉट धरला तर रीतसर लेआउटमध्ये 48 बसतात. खुली जागा गाळली आणि रस्ता 10 फुटांवर आणला, तर 66 बसतात. हा जो अठरा प्लॉटांचा फरक आहे ना, त्यातूनच गुंठेवारी, म्हणजे मंजुरीशिवाय गुंठ्या-गुंठ्याने विकलेली वस्ती, जन्माला येते. विकणाऱ्याला अठरा प्लॉट जास्त मिळतात, घेणाऱ्याला प्लॉट स्वस्त पडतो, आणि दोघांनाही त्या दिवशी आनंद होतो.

दहा फुटांच्या गल्लीत काय होतं ते उन्हाळ्यात कळतं. पाण्याचा टँकर आत जात नाही. मराठवाड्यात हे एक कारण पुरेसं असावं, अग्निशमनची गाडी आणि ॲम्ब्युलन्स तर पुढची गोष्ट. सांडपाण्याची लाइन टाकायला नंतर जागाच उरत नाही. तरी मी हेही म्हणेन की चार भावंडांच्या घरांना आणि 66 प्लॉट विकणाऱ्याला एकाच मापाने मोजणं अन्यायाचं आहे. कुटुंबापुरत्या विभागणीला वेगळा, हलका नियम हवा. रुंद रस्त्यांचा दुसरा टोकाचा अनुभवही आपल्याकडे आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात गावं नव्या जागी रेखीव वसवली, आणि शेजार तुटला, गाव नको इतकं लांबलं, ही तक्रार तिथे पुढे बरीच वर्षं राहिली.

वावर मुख्य रस्त्याला लागून नसेल तर अडचण आणखी वाढते. तहसीलदार कलम 143 खाली दुसऱ्याच्या बांधावरून रस्ता देतात, पण तो वावरात जायला, शेतीसाठी. तो दाखवून लेआउट मंजूर होईल या भरवशावर राहू नका.

गावाजवळच्या जमिनींना थोडी मोकळीक आहे. गावठाणाच्या हद्दीपासून 200 मीटरच्या आतली जमीन असेल तर संहितेच्या कलम 42-ड प्रमाणे ती निवासी वापरासाठी अकृषिक झाल्याचं मानलं जातं. याने वापराचा प्रश्न हलका होतो. बांधकामाचे नियम आणि नकाशाची मंजुरी सुटत नाही.

"बॉण्ड आहे, ताबा आहे, घरही उभं आहे. कोण काढणार?"

बहुतेक वेळा कुणीच काढत नाही, हे खरं आहे. म्हणूनच तर हा व्यवहार इतकी वर्षं चालला. नोटरीपुढे बॉण्डवर, म्हणजे स्टॅम्प पेपरवर, लिहून दिलं, पैसे दिले, चार पोल रोवले, झालं. पण बॉण्डवरची खरेदी ही खरेदी नसते. शंभर रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या स्थावराची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते. नोटरी फक्त एवढंच सांगते की या माणसाने माझ्यापुढे सही केली.

अडचण वेगळ्या दाराने येते. बँक घरकर्ज देत नाही, मग खाजगी सावकार किंवा महागडं कर्ज. मूळ मालक वारतो, सातबाऱ्यावर त्याच्या मुलांची नावं लागतात, आणि बॉण्डवर ज्यांची सही नाही ती मुलं म्हणतात, आम्ही कधी विकलं? एकच तुकडा दोघांना विकल्याची प्रकरणं याच फटीतून येतात.

दुसरी तऱ्हा सामाईक खरेदीची. एकट्याला गुंठाभर घेता येत नाही म्हणून अकरा जणांनी मिळून अकरा गुंठे घ्यायचे आणि सातबाऱ्यावर अकरा नावं लावायची. जागेवर प्रत्येकाचा कोपरा ठरलेला, कागदावर सगळं सगळ्यांचं. यातल्या एकाला पुढे विकायचं झालं की बाकी दहा जण आठवतात.

हे रोखायला नोंदणी विभागाने 12 जुलै 2021 रोजी परिपत्रक काढलं की मंजूर लेआउट नसेल तर असे दस्त नोंदवू नका. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने 5 मे 2022 रोजी ते रद्द ठरवलं. त्याचा अर्थ अनेकांनी 'कोर्टाने तुकडेबंदी उठवली' असा लावला. खरा प्रश्न दुय्यम निबंधकाने, म्हणजे रजिस्ट्री करणाऱ्या अधिकाऱ्याने, दस्त नाकारावा का, इतकाच होता. तुकडेबंदीचा कायदा जिथल्या तिथे राहिला. परिणाम असा की रजिस्ट्री झाली आणि फेरफार नामंजूर झाला, अशी माणसं दोन्ही कचेऱ्यांच्या मधे अडकली.

"पण आता तर तुकडेबंदी उठली ना?"

सरसकट नाही. 2017 च्या दुरुस्तीने जुने तुकडे नियमित करायची सोय झाली, पण बाजारमूल्याच्या 25 टक्के रक्कम भरून. इतकं कोण भरणार? 2024 मध्ये ते 5 टक्क्यांवर आलं. नोव्हेंबर 2025 च्या वटहुकुमाने 15 नोव्हेंबर 1965 ते 15 ऑक्टोबर 2024 या काळात पडलेले तुकडे शुल्काशिवाय नियमित करायचं ठरलं. त्यातही भाग ठरलेले आहेत: महापालिका, नगरपालिका, नगरपंचायतींच्या हद्दी, आणि विकास किंवा प्रादेशिक आराखड्यात ज्या जागा निवासी, व्यापारी अशा बिगरशेती वापरासाठी दाखवल्या आहेत त्या, तसंच गावठाणालगतचा पट्टा. आराखड्यात जे शेती म्हणून दाखवलंय, तिथलं आतलं वावर यात आपोआप येत नाही.

ज्यांचे दस्त नोंदलेले आहेत आणि नाव सातबाऱ्याच्या 'इतर हक्कात' पडून आहे किंवा फेरफार अडलाय, त्यांना याचा सरळ फायदा आहे. नाव कब्जेदारात, म्हणजे मालकाच्या रकान्यात, येऊ शकतं. बॉण्डवाल्यांना आधी मुद्रांक शुल्क भरून दस्त नोंदवावा लागेल, आणि त्यासाठी मूळ मालकाने किंवा त्याच्या वारसांनी पुन्हा सहीला यायला हवं. पंधरा वर्षांपूर्वी ज्याने गुंठा दोन लाखांना विकला, त्याचा मुलगा आजच्या भावात सही किती रुपयांना करेल, याचं उत्तर वटहुकुमात नाही.

आणि सुरुवातीच्या तीन प्रश्नांकडे वळलात तर दिसेल की वटहुकुमाने दुसरा प्रश्न सोडवला, तिसऱ्याला हात लावलेला नाही. तुकडा नियमित झाल्याने दहा फुटांची गल्ली तीस फुटांची होत नाही आणि बांधकाम परवानगीही मिळत नाही. बांधून झालेल्या वस्त्यांसाठी 2001 चा गुंठेवारी कायदा वेगळा आहे. त्याची मुदत 2021 च्या दुरुस्तीने 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या बांधकामांपर्यंत वाढवली. दोन्हीकडे 'नियमित करणं' हेच शब्द ऐकू येतात म्हणून लोक एकाची फाइल दुसऱ्या खिडकीवर नेतात.

"मग वाटणी नकोच, सामाईकातच घरं बांधू"

आई आहे तोवर हे चालतं. पुढे भावाच्या कर्जाला बहिणीची सही लागते, बहीण पुण्यात, तिच्या नवऱ्याला कर्जाची भीती. एकाने पीककर्ज थकवलं तर बोजा सगळ्यांच्या सातबाऱ्यावर दिसतो. एकाचा हिस्सा विकायचा तर घेणाऱ्याला कुठला कोपरा मिळणार हे दाखवता येत नाही.

वाटणी होण्यासारखी असेल, म्हणजे प्रमाणभूत क्षेत्र सांभाळून भाग पडत असतील, तर ती लगेच करावी हे माझं मत. सगळे राजी असताना शेतजमिनीच्या वाटणीपत्राला मुद्रांक शुल्क अगदी नाममात्र आहे, आणि नोंदणी शुल्क माफ करायचा निर्णय सरकारने 2025 मध्ये घेतला. भांडण झाल्यावर हाच कागद दिवाणी न्यायालयात मागावा लागतो आणि तिथे नातवंडं तारखा घेतात.

सातबाऱ्यावर 'इनाम' दिसलं तर

मराठवाड्यापुरती ही वेगळी अडचण आहे. निजामाच्या काळात निर्वाहासाठी दिलेली मदतमाश इनामं आणि देवस्थानाच्या सेवेसाठी दिलेली खिदमतमाश इनामं इथे बरीच आहेत. 1954 च्या हैदराबाद इनाम रद्द कायद्यानंतरही त्यातल्या अनेक जमिनी भोगवटादार वर्ग 2 मध्ये राहिल्या, म्हणजे परवानगीशिवाय विकता येत नाहीत. मदतमाश जमिनींसाठी नजराण्याची, म्हणजे त्या मोकळ्या करून घ्यायला सरकारला भरायची, रक्कम 2024 मध्ये बाजारमूल्याच्या 50 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आणली गेली. खिदमतमाशचं तसं नाही, ती देवस्थानाच्या सेवेशी बांधलेली. मशीद-दर्ग्याची असेल तर वक्फ मंडळ येतं. सातबारा आज स्वच्छ दिसला तरी जुना खासरा पाहणी पत्रक आणि फेरफारांची साखळी काढून बघा. वर्ग 2 च्या जमिनीवर लेआउटचे पैसे आर्किटेक्टला देऊन बसलेल्यांना शेवटी नजराण्यापासून सुरुवात करावी लागते.

कुठून सुरू करायचं?

मोजणीपासून. वारस नोंद झाली की भूमी अभिलेख कार्यालयात हद्द कायम करण्याच्या किंवा पोटहिश्शाच्या मोजणीचा अर्ज करायचा. बाकी सगळे कागद एका क्षेत्राच्या आकड्यावर उभे असतात, आणि सातबाऱ्यावरचं क्षेत्र, नकाशावरचं क्षेत्र आणि शेजाऱ्याने धुरा कोरून ठेवल्यावर जागेवर उरलेलं क्षेत्र हे तीन आकडे क्वचितच जुळतात. 40 आर समजून लेआउट काढला आणि मोजणीत 38 भरले, तर नकाशा पहिल्यापासून काढावा लागतो. अर्ज अशा बेताने करा की मोजणीची तारीख उन्हाळ्यात येईल. जूनमध्ये पेरणी झाली आणि पुढे तूर-कापूस कमरेला लागला, की मोजणीदार वावरात उतरत नाही आणि शेजारी तर मुळीच उतरू देत नाही.